जोड-डिझेलची जुनी यंत्रं: दोन इंजिनांना सारखं कामाला लावायचं कसं

दोन डिझेल इंजिनांचा जुना डंपर, डोझर किंवा स्क्रेपर (माती खरवडून डब्यात भरून नेणारं यंत्र) समोर आला, की बॉनेट उघडण्याआधी खाली वाकून एक गोष्ट शोधावी: दोन्ही इंजिनांची ताकद नेमकी कुठे एकत्र येते? एखाद्या गिअरबॉक्समध्ये, की थेट जमिनीवर? पुढचं सेटिंग, दुरुस्तीचा क्रम, एक इंजिन बंद पडल्यावर गाडी हलवायची की नाही, हे सगळं या उत्तरावर ठरतं.

आधी एक गल्लत दूर करू. पुण्याच्या रस्त्यावर दोन इंजिनांच्या गाड्या अजूनही दिसतात. जुन्या ट्रान्झिट मिक्सरचा ड्रम फिरवायला वेगळं छोटं इंजिन असतं, ज्याला सगळे स्लेव्ह इंजिन म्हणतात. ट्रकवर बसवलेल्या मोठ्या क्रेनला गाडी चालवायला एक आणि वरचा भाग चालवायला दुसरं इंजिन असतं. तिथे दोघांची कामं वेगळी आहेत, त्यामुळे भांडण नाही. हा लेख त्या यंत्रांबद्दल आहे जिथे दोन मोठी इंजिनं एकच काम वाटून घेतात.

दोन लावण्याची वेळ का आली

जनरल मोटर्सने १९३८ साली ७१ मालिकेची टू-स्ट्रोक डिझेल इंजिनं आणली. एका सिलिंडरचं आकारमान ७१ घनइंच, म्हणून ७१. सहा सिलिंडरचं ६-७१ म्हणजे ४२६ घनइंच, जवळपास ७ लिटर. बोअर सव्वाचार इंच, स्ट्रोक पाच इंच. हे इंजिन आटोपशीर होतं, भरपूर संख्येने बनत होतं आणि भरवशाचं होतं. पण त्या काळात गाडीत मावेल अशा एका डिझेलमधून दोनशे-तीनशे हॉर्सपॉवरच्या पुढे जाणं अवघड होतं. मोठी डिझेल इंजिनं होती, पण ती जहाजांची, रेल्वेची. वजनदार आणि संथ. शिवाय दुप्पट ताकदीचं इंजिन आणलं तर दुप्पट टॉर्क (फिरवण्याचा जोर) सोसणारा गिअरबॉक्स, कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग), डिफरन्शियल हे सगळं नव्याने बनवावं लागणार. त्यापेक्षा चालू असलेलं, पारखलेलं इंजिन गिअरबॉक्ससकट दोनदा बसवणं स्वस्त आणि लवकर होणारं होतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या शर्मन रणगाड्याच्या एम४ए२ या प्रकारात हेच केलं. दोन ६-७१ शेजारी शेजारी बसवून ६०४६ नावाचं जोड-इंजिन झालं, २१०० आरपीएमला ३७५ हॉर्सपॉवर. युद्धानंतर युक्लिड कंपनीने १९५१ साली ५० टनी डंपर काढला, मॉडेल १एलएलडी. त्यात कमिन्सची तीनशे हॉर्सपॉवरची दोन इंजिनं, आणि मागच्या दोन ॲक्सलपैकी एकेक ॲक्सल एकेका इंजिनाकडे. त्याच दशकाच्या मध्यावर युक्लिडचा टीसी-१२ डोझर आला: डावी साखळी एका ६-७१ वर, उजवी दुसऱ्या ६-७१ वर, दोन्ही बाजूंना स्वतंत्र ॲलिसन गिअरबॉक्स. साठच्या दशकात अमेरिकेत कॅटरपिलरचे दोन डी९जी डोझर एकामागे एक जोडून एकच यंत्र केलं गेलं. ३८५ आणि ३८५ मिळून ७७० हॉर्सपॉवर.

आपल्या जवळचं उदाहरण नेरळ-माथेरानच्या छोट्या रेल्वेचं. तिथली जुनी एनडीएम-१ डिझेल इंजिनं पन्नासच्या दशकात जर्मनीच्या युंग कंपनीने बनवली, आणि त्या प्रत्येकात दोन डिझेल आहेत. माथेरानची वळणं इतकी घट्ट आहेत की लांब, सलग सांगाडा तिथे वळलाच नसता. ताकद दोन भागांत विभागून मधे सांधा दिल्याने ते जमलं.

१९५७ च्या सुमारास व्ही आकाराची ७१ मालिका आली. मग टर्बोचार्जर सर्रास झाला, बारा-सोळा सिलिंडरची इंजिनं आली आणि डंपरमधली जोड-इंजिनं हळूहळू गेली. स्क्रेपरमध्ये मात्र ती आजही आहेत. कॅटरपिलरचे ६२७, ६३७, ६५७ हे दोन इंजिनांचेच. कारण तिथे दुसरं इंजिन ताकदीपेक्षा पकडीसाठी आहे. माती कापताना चारही चाकांनी जमीन धरायला हवी, आणि मधे मातीचा भलामोठा डबा असल्याने पुढच्या इंजिनाचा शाफ्ट मागच्या चाकांपर्यंत नेणं कठीण. म्हणून मागच्या चाकांना त्यांचं स्वतःचं इंजिन.

जोडणी दोन प्रकारची

पहिला प्रकार, दोन्ही इंजिनं एकाच शाफ्टला जुंपलेली. एम४ए२ मध्ये प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्लच, पुढे दोघांना एकत्र करणारा ट्रान्सफर गिअर, आणि तिथून एकच प्रोपेलर शाफ्ट. क्लच पूर्ण लागले की दोन्ही क्रँकशाफ्ट दातांनी बांधले जातात. एकाचा वेग दुसऱ्यापेक्षा एक आरपीएमनेही वेगळा असू शकत नाही.

दुसरा प्रकार, प्रत्येक इंजिनाला स्वतःचा कन्व्हर्टर, गिअरबॉक्स आणि चाकं किंवा साखळी. १एलएलडी, टीसी-१२ आणि टीएस-१४ सारखे स्क्रेपर या प्रकारातले. इथे दोन इंजिनांना जोडणारी गोष्ट जमीन आहे. मधे कन्व्हर्टरचं तेल असल्यामुळे प्रत्येक इंजिन आपापला वेग थोडा वर-खाली ठेवू शकतं.

वरवर पाहता पहिली जोडणी भक्कम आणि दुसरी ढिली वाटते. पण सेटिंगच्या दृष्टीने पहिली फार कडक मास्तर आहे. दुसरी बऱ्याच चुका पोटात घालते. का, ते आकड्यांत पाहू.

पन्नास आरपीएमची किंमत

डिझेलचा वेग गव्हर्नर सांभाळतो. लोड नसताना इंजिन थोडं जास्त फिरतं, लोड वाढेल तसा वेग थोडा उतरतो आणि तो उतरला म्हणून गव्हर्नर जास्त डिझेल देतो. या उतरणीला ड्रूप म्हणतात. सोसायटीत किंवा कारखान्यात दोन जनरेटर सेट पॅरलल चालवणाऱ्यांना हा शब्द रोजचा आहे.

समजा दोन इंजिनं पूर्ण लोडला २१०० आरपीएमवर येतात आणि बिनलोडला २२७५ वर. म्हणजे १७५ आरपीएमच्या उतरणीत लोड शून्यावरून शंभर टक्क्यांवर जातो. सुमारे ८ टक्के ड्रूप. आता पहिल्याचं सेटिंग बरोबर २२७५ आहे, पण दुसऱ्याचं चुकून २२२५ राहिलं. फरक फक्त ५० आरपीएम. आयडलिंगला कुणाच्या लक्षातही येणार नाही.

दोघं एका शाफ्टला बांधलेले आहेत आणि यंत्र २१५० वर चाललं आहे. पहिलं इंजिन आपल्या बिनलोड वेगापेक्षा १२५ ने खाली आहे. १२५ भागिले १७५, म्हणजे ७१ टक्के लोड त्याच्या डोक्यावर. दुसरं फक्त ७५ ने खाली. ७५ भागिले १७५, म्हणजे ४३ टक्के. पन्नास आरपीएमच्या चुकीने लोडवाटपात २८ टक्क्यांचा फरक पडला. लोड हलका असेल आणि वेग २२३० वर असेल, तर पहिलं इंजिन २६ टक्के ओढतंय आणि दुसऱ्याच्या गव्हर्नरने डिझेल जवळजवळ बंद केलंय. पहिलं इंजिन दुसऱ्यालाही फिरवतंय.

आता ही गंमत लक्षात घ्या: पूर्ण लोडला हा फरक नाहीसा होतो. वेग २०५० पर्यंत खाली आला की दोघांच्याही रॅक (इंजेक्टरमधून किती डिझेल जायचं ते ठरवणाऱ्या दांड्या) शेवटच्या स्टॉपला टेकलेल्या असतात, दोघंही पूर्ण डिझेल घेतात. म्हणून चढावर भरलेली गाडी घालून "दोन्ही मस्त ओढतायत" असं म्हणणारी चाचणी हा दोष कधीच पकडत नाही. दोष अर्ध्या लोडला असतो, आणि यंत्राचं बरंचसं आयुष्य अर्ध्या लोडलाच जातं.

दुसऱ्या प्रकारच्या जोडणीत हीच चूक किती महागात पडते? कन्व्हर्टर जेवढा टॉर्क घेतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. २१५० वर ५० म्हणजे वेगात सव्वादोन टक्क्यांच्या आसपास, टॉर्कमध्ये साधारण साडेचार-पाच टक्के. तिकडे २८, इकडे ५. म्हणून कन्व्हर्टरवाल्या यंत्रात दहा-वीस आरपीएमसाठी दिवस घालवू नये, आणि ट्रान्सफर गिअरवाल्यात दहा आरपीएमसुद्धा सोडू नये.

आळशी इंजिन आजारी नसतं

अर्ध्या लोडला ओढल्यासारखं करणारं इंजिन थंड राहतं. टू-स्ट्रोकमध्ये याचा परिणाम लगेच डोळ्यांना दिसतो: एअरबॉक्सच्या (सिलिंडरांभोवतीच्या हवेच्या कप्प्याच्या) ड्रेनमधून तेल जास्त गळतं, सायलेन्सरच्या जोडावर काळं ओशट ओघळ येतं, रेस दिली की आधी निळसर धूर आणि मग साफ. हे पाहून मेकॅनिक म्हणतो रिंगा गेल्या, आणि इंजिन खाली उतरतं. खरं तर त्या इंजिनाला पुरेसं कामच मिळालेलं नाही. जास्त झिजलेलं असतं ते दुसरं, जे कोरडं, स्वच्छ आणि तंदुरुस्त दिसतं. दोघांचे अवर मीटर सारखेच तास दाखवतात, पण जाळलेलं डिझेल सारखं नसतं.

त्यामुळे जोड-इंजिनाच्या यंत्रात कुठलंही इंजिन उघडण्याआधी दोघांचं सेटिंग जुळवून, पन्नासएक तास चालवून पुन्हा पाहावं. निम्म्या वेळा ओशटपणा आपोआप कमी होतो. मगच कॉम्प्रेशन तपासायला घ्यावं.

कानाने मोजता येणारा फरक

दोन इंजिनांचा वेग जुळला आहे की नाही, हे टॅकोमीटरच्या आधी कानाला कळतं. दोन जवळजवळ सारखे आवाज एकत्र आले की आवाज फुगतो-बसतो, फुगतो-बसतो: वाँव… वाँव… वाँव. या फुगण्याची गती मोजली तर नेमका फरक निघतो.

६-७१ टू-स्ट्रोक आहे, म्हणजे एका फेऱ्यात सहाही सिलिंडर एकदा फायर होतात. २१०० आरपीएमला सेकंदाला ३५ फेरे, म्हणजे २१० फायरिंग. दुसरं इंजिन २०९० वर असेल तर २०९. फरक एकचा, म्हणून सेकंदाला एक फुगारा. म्हणजे ६-७१ च्या जोडीत दर सेकंदाला एक फुगारा म्हणजे १० आरपीएम. ४-७१ च्या जोडीत तोच १५ आरपीएम. सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक कमिन्सच्या जोडीत एका फेऱ्यात तीनच फायरिंग, म्हणून २० आरपीएम. मोबाइलवर दहा सेकंद लावा, फुगारे मोजा, दहाने भागा. दहा सेकंदांत दोनच फुगारे ऐकू आले तर ६-७१ ची जोडी दोन आरपीएमच्या आत आहे. तपकीर गल्लीत मिळणारा साधा लेझर टॅकोमीटर यापेक्षा जास्त काही सांगणार नाही. मात्र कोणतं इंजिन पुढे आणि कोणतं मागे हे कळायला तो लागतोच.

ट्रान्सफर गिअरवाल्या यंत्रात हे दोन्ही क्लच सोडूनच करायचं. क्लच लागलेले असताना फुगारा ऐकू आला, तर एक क्लच घसरतोय.

सेटिंगचा क्रम

गव्हर्नरच्या स्क्रूला हात लावण्याआधी लिंकेज. पेडलपासून इंजिनापर्यंत चार सांधे असतील आणि प्रत्येकात अर्धा मिलिमीटर प्ले असेल, तर शेवटी दोन मिलिमीटर. लिव्हरचा एकूण प्रवास ६० मिलिमीटर असेल तर तीन टक्क्यांहून जास्त फरक इथेच. आणि तो दर वेळी वेगळा येतो, त्यामुळे सकाळी जुळवलेलं दुपारी सुटतं. बुश आणि पिना बदला. बुश कुठल्याही लेथवाल्याकडे तासाभरात होतात. मग एकाने पेडल पूर्ण दाबून धरायचं आणि दुसऱ्याने दोन्ही गव्हर्नरचे लिव्हर स्टॉपला एकाच वेळी टेकतात का ते पाहायचं. पेडल सोडल्यावर परत येतानाही तसंच. मागच्या इंजिनाचा थ्रॉटल हवेवर असेल तर साबणाच्या पाण्याने पाइपचे सगळे जोड तपासा. हवा गळत असली की मागचं इंजिन उशिरा रेस घेतं.

मग इंजेक्टर. ७१ मालिकेच्या इंजेक्टरवर छोटी गोल पट्टी असते, तिच्यावर नंबर असतो, उदाहरणार्थ एन-६० किंवा एन-६५. तो आकडा एका स्ट्रोकला किती घनमिलिमीटर डिझेल जातं त्याचा. एका इंजिनात साठ आणि दुसऱ्यात पासष्ट असतील तर आठ टक्के जास्त डिझेल पहिल्यापासूनच एका बाजूला जातंय, मग गव्हर्नर कितीही जुळवा. जुन्या यंत्रांत, हातोहात दुरुस्ती झालेल्यांत, असे मिसळलेले इंजेक्टर नेहमी सापडतात. बाराही पट्ट्या पुसून, वाचून वहीत लिहा.

त्यानंतर प्रत्येक इंजिनाचं ट्यून-अप, आणि याचा क्रम बदलायचा नाही: एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप, इंजेक्टरचं टायमिंग, गव्हर्नरचा गॅप, इंजेक्टर रॅकचे लिव्हर, बिनलोडचा कमाल वेग, आयडलिंग, आणि सगळ्यात शेवटी बफर स्क्रू. टायमिंगला गेज पिन लागते. जुन्या इंजेक्टरांना १.४६० इंचाची पिन बहुतेक वेळा चालते, पण इंजेक्टरच्या नंबरावरून मॅन्युअलमध्ये खात्री करूनच. रॅक जुळवताना एक लिव्हर पक्का करायचा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवायचे. एक घट्ट राहिला तर इतर पाच पूर्ण उघडतच नाहीत आणि इंजिन कमजोर वाटतं.

बफर स्क्रूबद्दल विशेष सांगायला हवं. आयडलिंगला इंजिन हेलकावे खातं म्हणून हा स्क्रू आत घ्यायची सवय असते. तो इतकाच घ्यायचा की हेलकावा थांबेल आणि आयडलिंग १५ आरपीएमपेक्षा जास्त वाढणार नाही. नंतर कमाल वेग पुन्हा मोजायचा. तो २५ पेक्षा जास्त वाढला असेल तर स्क्रू मागे घ्यायचा. एकाच इंजिनाचा बफर जास्त आत असणं हे जोडी न जुळण्याचं फार नेहमीचं कारण आहे.

गव्हर्नर कोणत्या जातीचा, तेही पाहा. रस्त्यावरच्या गाड्यांत लिमिटिंग स्पीड गव्हर्नर असतो. तो आयडलिंग आणि कमाल वेग एवढेच सांभाळतो, मधल्या भागात डिझेल थेट पायावर. यंत्रांत बहुधा व्हेरिएबल स्पीड गव्हर्नर असतो, जो पेडल जिथे आहे तो वेग धरून ठेवतो. दोन इंजिनांवर दोन जाती बसवलेल्या असतील तर मधल्या रेसला ती जोडी जुळणं शक्यच नाही. जुन्या बाजारातून आणलेलं इंजिन बसवलं असेल तर ही तपासणी आधी करावी.

कमिन्सच्या जोडीत गोष्ट वेगळी. पीटी (प्रेशर-टाइम) पंपाच्या पद्धतीत इंजेक्टरला किती डिझेल मिळेल हे लाइनमधल्या दाबावर ठरतं. म्हणून दोन्ही पंपांना एकाच बनावटीचे प्रेशर गेज लावा आणि सारख्या वेगाला, सारख्या लोडला दाब ताडून पाहा. मग गेज अदलाबदल करून पुन्हा वाचा, म्हणजे गेजचीच चूक असेल तर कळेल.

कन्व्हर्टरची परीक्षा

टीसी-१२ सारखा डोझर सरळ चालवताना एकीकडे ओढत असेल, तर इंजिन कमजोर की कन्व्हर्टर, हे स्टॉल टेस्टने कळतं. पुढे-मागे माणूस नाही याची खात्री, ब्रेक पूर्ण, तेल गरम झालेलं. एका बाजूचा गिअर टाकून पूर्ण रेस द्यायची, आरपीएम स्थिर झाला की वाचायचा, आणि ३० सेकंदांच्या आत सोडायचं. मग न्यूट्रलला मध्यम रेसवर तेल थंड होऊ द्यायचं आणि दुसरी बाजू. स्टॉलचा आरपीएम एका बाजूला कमी आला तर ते इंजिन कमी ओढतंय, किंवा त्या कन्व्हर्टरच्या स्टेटरचा (आतलं तेल वळवणाऱ्या चक्राचा) फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेला फिरू देणारा क्लच, घसरतोय. जास्त आला तर गिअरबॉक्सचा क्लच घसरतोय किंवा तेल कमी आहे. एप्रिल-मेमध्ये वाघोली-मोशीच्या खाणपट्ट्यात चाळीस अंशांत ही टेस्ट भर दुपारी करू नये; सकाळी करावी.

एक इंजिन बंद पडलं तर

इथे सर्वांत महाग चुका होतात.

एका शाफ्टवाल्या जोडणीत बंद इंजिनाचा क्लच सोडून, तो सुटलेल्या स्थितीत लॉक करून दुसऱ्या इंजिनावर यंत्र हळूहळू चालतं. क्लच न सोडता चालवलं, तर चालू इंजिन बंद इंजिनाला फिरवतं. त्यात तेल नसेल किंवा बेअरिंग गेलं असेल, तर उरलंसुरलं तेही संपतं.

वेगवेगळ्या ॲक्सलवाल्या जोडणीत धोका लपलेला आहे. मागचं इंजिन बंद, पुढच्यावर गाडी चालवली, तर मागची चाकं जमिनीवर फिरतातच आणि ती मागच्या गिअरबॉक्सला उलट्या बाजूने फिरवतात. पण त्या गिअरबॉक्सचा तेलपंप बंद इंजिनावर चालतो. म्हणजे आतले क्लच आणि बेअरिंग कोरडे फिरतात. न्यूट्रलमध्ये टाकून हे सुटत नाही. प्रोपेलर शाफ्ट काढायचा. आठ बोल्ट आणि अर्धा तास वाचवायला गेलं की गिअरबॉक्स जातो. स्क्रेपरमध्ये स्टीअरिंगचा पंप आणि ब्रेकचा कॉम्प्रेसर बहुधा पुढच्या इंजिनावर असतात, त्यामुळे पुढचं बंद असताना मागच्याच्या जोरावर ढकलत न्यायचा विचारही करू नये.

दोन्ही चालू असतानाही स्क्रेपरच्या मागच्या इंजिनाला मर्यादा आहे. पहिल्या पावसानंतरच्या काळ्या मातीत उतारावर पुढचं इंजिन सोडलं आणि मागचं रेसवर राहिलं, तर मागचा भाग पुढच्याला ढकलत मधल्या सांध्यात दुमडतो. म्हणून वळणावर आणि उतारावर आधी मागची रेस सोडायची, मग पुढची.

पळणारं इंजिन

७१ मालिकेचं इंजिन ब्लोअरचं (इंजिनात हवा ढकलणाऱ्या पंपाचं) सील फुटल्यावर स्वतःचंच तेल ओढून पळू शकतं, म्हणजे त्याचा वेग हाताबाहेर जातो. इंजेक्टरची रॅक अडकली तरी पळतं. डिझेल बंद करून ते थांबेलच असं नाही, हवा बंद करावी लागते. त्यासाठी ब्लोअरच्या तोंडाशी आपत्कालीन फ्लॅप असतो. दोन इंजिनांवर दोन फ्लॅप, आणि दोन्ही स्वतंत्र तपासायचे: इंजिन बंद असताना केबल ओढून फ्लॅप पूर्ण बसतो का, आणि त्याचं पॅकिंग शाबूत आहे का. बरेचदा एकच फ्लॅप चालू असतो आणि दुसऱ्याची केबल गंजलेली. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सुरू करताना एअर क्लीनरचा पाइप काढून, तोंड झाकेल एवढी प्लायवुडची फळी हातात घेऊन माणूस प्रत्येक इंजिनाजवळ उभा करावा. पळणाऱ्या इंजिनाचा क्लच मात्र घाईत सोडू नये. लोड गेला की ते आणखी वेग घेतं.

डावं आणि उजवं

७१ च्या ब्लॉकची रचना अशी आहे की ब्लोअर, एक्झॉस्ट आणि इतर सामान कोणत्याही बाजूला बसवता येतं, आणि क्रँक उजवीकडे किंवा डावीकडे फिरणारी करता येते. आरशातल्या जोडीसारखी मांडणी करताना याचा मोठा उपयोग. पण सुटे भाग घेताना हीच गोष्ट नडते. कॅमशाफ्ट, तेलपंप, पाण्याचा पंप आणि सेल्फ यांत फिरण्याच्या दिशेप्रमाणे फरक असतो. दिशा चुकलेला तेलपंप बसवला तर इंजिन सुरू होईल, पण गेजवर दाब येणार नाही. घेताना फोटोवर भागवू नका, पार्ट नंबर वाचा आणि जुन्या भागाशेजारी नवा ठेवून दात आणि फिरण्याची दिशा ताडा.

पुण्यात कमिन्सची जोडी उभी करणं त्यामानाने सोपं. किर्लोस्कर कमिन्स (आताची कमिन्स इंडिया) १९६२ साली कोथरूडला सुरू झाली, त्यामुळे एनएच-एनटी जातीच्या इंजिनांवर हात बसलेले कारागीर इथे पिढ्यांपासून आहेत. लायनर-पिस्टनपासून हेडच्या कामापर्यंत भोसरीत होऊन जातं. ७१ मालिकेचा माल शोधावा लागतो. जहाजांच्या आणि जुन्या ड्रिलिंग रिगच्या भंगारात तो मिळतो, कारण तिथेही हीच इंजिनं होती. पण तिथला माल घेताना डावं-उजवं हमखास उलटं निघतं, कारण बोटीत दोन पंखे विरुद्ध दिशांना फिरवायला मुद्दाम तशीच जोडी लावलेली असते.

रेडिएटर आणि वीज यांचं थोडक्यात. दोन रेडिएटर शेजारी असतील तर एकाची गरम हवा दुसऱ्यात शिरू नये म्हणून मधला पत्रा आणि कडेचं रबर शाबूत हवं. हे रबर जवळजवळ प्रत्येक जुन्या यंत्रात गायब असतं आणि मग ज्याच्या रेडिएटरमध्ये ती हवा शिरते ते इंजिन नेहमी पाच-सात अंश जास्त तापतं. दोन डायनॅमो एकाच बॅटरीवर असतील तर ज्याचा रेग्युलेटर किंचित जास्त व्होल्टचा, तो सगळं चार्जिंग एकटाच करतो. रेग्युलेटर जुळवा, नाहीतर एक डायनॅमो मुकाट काढून ठेवा.

दोष शोधताना मात्र दोन इंजिनं असण्याचा एक मोठा फायदा आहे, आणि तो वापरलाच पाहिजे. मॅन्युअल नसलं तरी शेजारी त्याच जातीचं दुसरं इंजिन उभं आहे. डाव्याच्या तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट इन्फ्रारेड थर्मामीटरवर थंड लागतोय? तो इंजेक्टर उजव्याच्या तिसऱ्यात घाला, टायमिंग आणि रॅक पुन्हा जुळवा, मग वाचा. थंडपणा उजवीकडे गेला तर इंजेक्टर. डावीकडेच राहिला तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा रॅकचा लिव्हर. थर्मोस्टॅट, गेज, रेग्युलेटर, एअर व्हॉल्व्ह, सगळ्यांना हीच रीत. एका वेळी एकच भाग बदलायचा, आणि कोणता कुठे गेला ते लगेच खडूने त्याच्यावर लिहायचं.